सरकारचा शब्द आणि शेतकऱ्याची चाळ

राज्यसंस्थेपाशी सैन्य असते, खजिना असतो, तुरुंगही असतात. परंतु या सर्वांहून तिचे मोठे भांडवल म्हणजे तिचा शब्द होय. तो एकदा हलका झाला म्हणजे कायद्यांची संख्या कितीही वाढविली तरी राज्याची प्रतिष्ठा वाढत नाही. कांद्याच्या व्यापारासंबंधी दिल्लीच्या राज्यकर्त्यांनी गेल्या काही वर्षांत जे धोरण ठेवले, त्याकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो.

५ जून २०२० रोजी वटहुकूम काढून सरकारने कांदा, बटाटा, धान्ये व डाळी १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या जाचातून बव्हंशी मोकळ्या केल्या आणि शेतकरी स्वतंत्र झाल्याची द्वाही फिरविली. संसदेने त्यावर शिक्कामोर्तब करण्यापूर्वीच, १४ सप्टेंबरला, कांद्याची निर्यात बंद झाली. २३ ऑक्टोबरला घाऊक व्यापाऱ्यास २५ टन आणि किरकोळ विक्रेत्यास २ टन अशी साठ्याची मर्यादाही आली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क बसले. ८ डिसेंबरला पुन्हा संपूर्ण बंदी. तिची मुदत ३१ मार्च २०२४ ही होती. पण ती संपण्याच्या आतच बंदी बेमुदत करण्यात आली, आणि लोकसभेचे मतदान चालू असता ४ मे रोजी ती उठली. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ ला.

डिसेंबरातील बंदीचा अर्थ नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यास विचारावा. त्या वेळी बाजारात येतो तो लाल कांदा. तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत महिनोन् महिने टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. दिल्लीतील अधिकाऱ्याने सही केली त्याच दिवशी त्याची किंमत ठरली, आणि सही करणाऱ्याच्या पगारातून मात्र एक रुपयाही कमी झाला नाही. निर्णय एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा, ही व्यवस्था न्यायाची म्हणता येत नाही.

हा दोष एकाच पक्षाचा आहे असे आम्ही म्हणत नाही. राजाजींनी १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढला तो परवाने आणि परमिटांच्या राज्याविरुद्धच. श्री. शरद जोशी यांनी १९८० मध्ये कांदा व उसाच्या भावासाठी नाशकात रस्ते अडविले, तेव्हा केंद्रात काँग्रेसचे सरकार होते. सत्ताधारी बदलतात, परंतु आपणांस सर्व कळते आणि खेड्यातील माणसाला त्याचे हित आपणच शिकवावयाचे, हा वरच्या वर्गाचा अहंकार बदलत नाही.

यावर एक आक्षेप येईल व तो क्षुल्लक नाही. शहरातील हातावर पोट असणाऱ्या कुटुंबाने महाग कांदा का घ्यावा? १९९८ मध्ये दिल्ली राज्यातील सत्ता बदलण्यास कांद्याची महागाई कारणीभूत झाली, हे कोणताही राज्यकर्ता विसरत नाही. गरिबाला साहाय्य अवश्य द्यावे. पण दानधर्म करावयाचा तर तो खजिन्यातून करावा, म्हणजे त्याचा भार सर्व करदात्यांवर पडेल आणि हिशेब संसदेस द्यावा लागेल. केवळ कांदा पिकविणाऱ्याच्याच खिशातून तो वसूल करणे म्हणजे अंदाजपत्रकात न दिसणारा कर होय.

शिवाय अस्थिर धोरणाने ग्राहकाचेही कल्याण होत नाही. पुढील वर्षी दार उघडे राहील की बंद, याची शाश्वती नसेल तर चाळी बांधण्यास कोण पैसा घालील? साठवण कमी म्हणजे टंचाई लवकर, आणि टंचाई आली की पुन्हा बंदी! परदेशचा गिऱ्हाईक तोवर दुसऱ्याच्या दारी गेलेला असतो.

आमचे मागणे क्रांतिकारक नाही. निर्यातीवर मर्यादा कोणत्या परिस्थितीत येईल, किती दिवस राहील, हे पेरणीपूर्वी कायद्याने जाहीर व्हावे. आणि त्या मर्यादेबाहेर सरकारने हुकूम काढल्यास नुकसानभरपाई द्यावी. शेतकरी पाऊस, गारपीट आणि करपा यांचा जुगार पिढ्यान् पिढ्या खेळत आला आहे. त्यात सरकारच्या लहरीची भर घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.