बातमी चार शब्दांची, निकाल 565 पानांचा



1 ऑगस्ट 2024 ची दुपार आम्ही विसरलेलो नाही. ठाण्याहून कल्याणकडे येणाऱ्या लोकलमध्ये आमच्यातल्या काही जणांचे मोबाईल एकामागून एक वाजू लागले. ‘एससी-एसटीला क्रिमीलेयर लागू.’ ‘आरक्षणाची वाटणी झाली.’ कुठे तर सरळ ‘अमुक जात जिंकली, तमुक जात हरली.’ डोंबिवली यायच्या आत आम्ही ते सगळे चार-पाच ग्रुपवर पुढे ढकललेही होते. निकालाचे एक पानसुद्धा आमच्यापैकी कुणी उघडले नव्हते.

कल्याण पूर्वेतल्या आमच्या अभ्यासिकेत बौद्ध, मातंग, चर्मकार, वाल्मीकी घरांतली मुले-मुली एकत्र बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. त्या रात्री अभ्यासिकेच्या ग्रुपवर नको ते बोलले गेले. अकराच्या सुमारास दोन मातंग मित्र ग्रुप सोडून गेले. खरे तर त्या दिवशी महाराष्ट्रात कुणाच्याही वाट्याची एक जागासुद्धा इकडची तिकडे झाली नव्हती. तरी आमची माणसे तुटली. याची जबाबदारी फक्त माध्यमांवर टाकून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. बोट आमचेही त्या बटणावर होते.

पुढचे तीन रविवार आम्ही निकालपत्र वाटून घेऊन वाचले. कल्याण कोर्टात वकिली करणाऱ्या एका ताईंनी अडलेल्या जागी मदत केली. वाचल्यावर जे कळले ते असे.

प्रकरणाचे नाव पंजाब राज्य विरुद्ध दविंदर सिंग. सात न्यायमूर्तींचे घटनापीठ, सहा विरुद्ध एक असा निर्णय आणि सहा वेगवेगळी निकालपत्रे, एकूण 565 पाने. पीठापुढचा मुख्य प्रश्न एकच होता: राज्याला अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करता येते का? 2004 च्या ई. व्ही. चिन्नय्या निकालाने ‘नाही’ म्हटले होते. तो निकाल रद्द झाला आणि ‘करता येते’ असे ठरले. ‘केलेच पाहिजे’ असे कुठेही ठरलेले नाही. करायचे असेल तर राज्याला प्रतिनिधित्वाची आकडेवारी पुढे ठेवावी लागेल, एका जातीला सगळे देऊन बाकीच्यांना बाहेर ठेवता येणार नाही आणि त्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येईल.

मग क्रिमीलेयर कुठून आले? सातपैकी चार न्यायमूर्तींनी, म्हणजे न्या. गवई, न्या. विक्रम नाथ, न्या. पंकज मिथल आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांनी, त्याच्या बाजूने मत मांडले. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी न्या. मनोज मिश्रा यांच्यासह दिलेल्या निकालपत्रात तसे मत नाही. न्या. बेला त्रिवेदी यांनी तर उपवर्गीकरणालाच विरोध नोंदवला. अनुच्छेद 341 खालील यादीत राज्याला हात घालता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते.

कुणी म्हणेल, सातात चार म्हणजे बहुमतच झाले. पण क्रिमीलेयर हा त्या पीठाकडे सोपवलेला प्रश्नच नव्हता आणि ते लागू करण्याचा आदेशही नव्हता. 9 ऑगस्टला केंद्रीय मंत्रिमंडळाने, बाबासाहेबांच्या संविधानात एससी-एसटीसाठी क्रिमीलेयरची तरतूद नाही, असे सांगितले. जानेवारी 2025 मध्ये हा विषय पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने तो संसद-विधिमंडळ आणि सरकार यांच्यावर सोडला. म्हणजे ‘लागू’ ही बातमी चूक होती. पण धोका नाही असेही नाही. हीच मते उद्या एखादे सरकार ढाल म्हणून वापरू शकते. अस्पृश्यता पगाराच्या स्लिपवर मोजता येत नाही, हा आमचा मुद्दा कायम आहे. तो मांडायचा तर कोणत्या न्यायमूर्तींनी काय म्हटले आणि कशाच्या आधारे, हे माहीत हवे. ‘लागू झाले’ म्हणून ओरडणाऱ्याला समोरचा एका वाक्यात गप्प करतो.

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. 20 मार्च 2018, महाड सत्याग्रहाचाच दिवस. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातून निघालेल्या सुभाष काशिनाथ महाजन प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालच्या अटकेवर पूर्वपरवानगीच्या अटी घातल्या. सरकारी नोकर असेल तर नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याची परवानगी, इतरांसाठी वरिष्ठ पोलीस अधीक्षकांची, शिवाय गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची मुभा. वस्त्यांत निरोप पोचला तो ‘अ‍ॅट्रॉसिटी रद्द’ असा. कायदा रद्द झालेला नव्हता. पण तो रद्द झाला असे समजून एखादी बाई पोलीस ठाण्याची पायरीच चढली नाही, तर तिच्यापुरता तो रद्दच झाला ना?

2 एप्रिलच्या भारत बंदने देश हादरला. ऑगस्ट 2018 मध्ये संसदेने कलम 18-अ घातले, 1 ऑक्टोबर 2019 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते निर्देश मागे घेतले आणि 10 फेब्रुवारी 2020 रोजी दुरुस्तीही टिकली. रस्त्याने दबाव आणला हे खरे. पण निर्देश नेमके कोणते आणि ते कुठे चुकतात, हे न्यायालयात पानापानाने सांगावे लागले. महाडचेही तसेच. 1927 मध्ये तळ्यावर सुरू झालेला लढा कोर्टात दहा वर्षे चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला. त्याच काळात बाबासाहेब ‘बहिष्कृत भारत’ चालवत होते. आपली बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची नाही, हे त्यांनी 1920 मध्ये ‘मूकनायक’ काढूनच दाखवले होते.

सगळी पत्रकारिता वाईट, असेही आम्ही म्हणणार नाही. तुरुंगांमध्ये जात पाहून कामे वाटली जातात, झाडू-संडास कुणाला आणि स्वयंपाक कुणाला हे नियमावल्यांतच लिहिलेले आहे, हे पत्रकार सुकन्या शांता यांनी शोधून छापले आणि मग स्वतः याचिका केली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. कबूल करतो, आमच्या ग्रुपवर हा निकाल कुणीच टाकला नाही. भांडण लावणारी बातमी दहा मिनिटांत पोचते, जिंकल्याची पोचत नाही.

14 मे 2025 रोजी न्या. भूषण गवई सरन्यायाधीश झाले, तेव्हा ठाण्यापासून उल्हासनगरपर्यंत सगळ्यांचे स्टेटस निळे झाले. आम्हालाही अभिमान वाटला. त्यांचे क्रिमीलेयरचे मत मात्र आम्हाला मान्य नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र धरता आल्या पाहिजेत. माणूस आपला म्हणून निकाल बरोबर किंवा निकाल पटला नाही म्हणून माणूस गद्दार, हे बाबासाहेबांच्या विद्यार्थ्याला शोभत नाही.

न्यायालयालाही आमचा एक प्रश्न आहे. ज्यांच्या आयुष्याचा निकाल लागतो, त्यांना तो इंग्रजीच्या शेकडो पानांतून शोधावा लागावा का? ई-एससीआर पोर्टलवर निकाल आता फुकट मिळतात, निवडक निकाल मराठीतही येतात. आमची मागणी आहे की अनुसूचित जाती-जमातींशी संबंधित प्रत्येक घटनापीठाचा निकाल मराठीत त्याच आठवड्यात यावा. सुनावणीचे थेट प्रक्षेपण करा, ही मागणी घेऊन न्यायालयात गेलेल्यांत स्वप्नील त्रिपाठी हा कायद्याचा विद्यार्थी होता. 2018 मध्ये ती मान्य झाली. विद्यार्थ्याने मागितले म्हणून काही होत नाही, असे कुणी सांगू नये.

तोवर आम्ही आमच्यापुरता नियम केला आहे. कोर्टाची बातमी आली की आधी चार गोष्टी बघायच्या: पीठ किती न्यायमूर्तींचे, त्यांच्यापुढे प्रश्न काय होता, शेवटी आदेश काय दिला आणि विरोधात कोण गेले. हे कळेपर्यंत फॉरवर्ड बंद. महिन्यातून एका रविवारी एक निकाल मोठ्याने वाचायचा. ठाण्यात 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, कल्याणात 1864 पासून सार्वजनिक वाचनालय आहे, आणि बुद्धविहार तर आपल्या वस्त्यावस्त्यांत आहेत. जागा नाही ही सबब चालणार नाही.

उपवर्गीकरणाचा विषय महाराष्ट्रात संपलेला नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य सरकारने त्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. इथे 59 अनुसूचित जाती आणि 13 टक्के आरक्षण आहे. कुणाला किती मिळाले, किती जागा रिकाम्या ठेवल्या, कंत्राटीकरणात किती गेल्या, याची आकडेवारी बौद्ध आणि मातंग दोघांनी मिळून सरकारकडे मागायला हवी. एकमेकांकडे हिशेब मागत बसलो तर रिकाम्या जागांचा हिशेब कुणीच विचारणार नाही.

त्या दोन मित्रांच्या घरी आम्ही निकालाच्या झेरॉक्स घेऊन गेलो आणि आधी माफी मागितली. एक जण अभ्यासिकेत परत आला. उपवर्गीकरण हवे हे त्याचे मत आजही आहे आणि तो ते निकालातली पाने दाखवून मांडतो. दुसरा अजून आलेला नाही. त्याची खुर्ची आम्ही ठेवली आहे.

जय भीम! जय संविधान!