घराचं काम काढलं, घर रिकामं केलं, विम्याचं काय?

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात पिकांसोबत घरंही पडली. पीक विम्यावर गावोगाव चर्चा झाली, घराच्या विम्यावर फारशी नाही. वालूरसारख्या जुन्या गावात हा प्रश्न आपल्या दारातला आहे. मुलं पुण्या-मुंबईत किंवा आखाती देशात कमावतात, पैसे साठले की माळवद उतरवून स्लॅब टाकायचं ठरतं. घरचे चार-सहा महिने भाड्याने राहतात. धोका नेमका तेव्हाच वाढतो: भिंत अर्धी उतरलेली, वायरी उघड्या, रात्री घरात कोणी नाही.

सरकारी मदतीवर किती विसंबायचं? आपत्ती मदतीच्या 2022-26 च्या निकषांत, सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये आहेत. एवढ्यात आज स्लॅबचं घर उभं राहत नाही.

1 एप्रिल 2021 पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी मिळते. आग, वीज, पूर, भूकंप आणि दंगलीतलं नुकसानही तिच्यात येतं. पण बारीक अक्षरं वाचा. बांधकामाने चटई क्षेत्र 10 टक्क्यांहून जास्त वाढलं, तर जादा हप्ता भरून नोंद केल्याशिवाय वाढीव भागाला संरक्षण नाही. खोदकामामुळे जमीन खचून भिंत पडली तर भरपाई नाही. चोरीही फक्त अशा आपत्तीमुळे, सात दिवसांच्या आत झालेलीच धरतात. म्हणजे बंद घरातून मोटर किंवा सळई गेली, तर घरफोडीचा विमा वेगळा हवा. आगीच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत तर घर 30 दिवसांहून जास्त रिकामं राहिलं आणि कंपनीची आधी मंजुरी नसली, की संरक्षणच थांबतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. व्याज आणि 'गरर' यामुळे अनेकजण विम्यापासून दूर राहतात. ही शंका आम्ही हलकी मानत नाही. भारतात तकाफुल कंपनी नाही. पण इथल्या दंगलींची परिस्थिती पाहून इस्लामिक फिक्ह अकॅडमी, इंडियाने जान-मालाच्या विम्याला सवलत दिली आहे. मतभेद आहेतच, म्हणून आपल्या आलिमांना विचारून ठरवा. न विचारता टाळणं हा काही निर्णय नव्हे.

ज्यांची पॉलिसी आहे त्यांनी सामान हलवण्याआधी कंपनीला लेखी कळवावं: घर कधीपासून रिकामं, काम काय, किती दिवस. उत्तरही लेखीच घ्यावं. घराचे फोटो आणि सिमेंट-सळईच्या पावत्या जपाव्यात. आणि मिस्त्री-मजुरांना विसरू नका. ते पडले-झडले तर जबाबदारी कोणाची, हे ठेकेदाराशी कागदावर ठरवूनच पहिली वीट काढू द्या.