झोपलेला संगणक हाकेला उठत नसेल तर

घरात संगणक एकच, तोही वरच्या खोलीत, आणि त्यात दुकानाची बिले, मुलांचे प्रोजेक्ट, सगळ्यांचे कागद. एका भगिनीने आम्हाला कळवले आहे की दिवसा त्यांच्या घरी फक्त अब्बा आणि अम्मी असतात. मुलगा दुकानात बसून घरच्या संगणकातले हिशेब उघडतो. पण संगणक बंद असला की बटण दाबायला अब्बांना जिना चढावा लागतो, आणि त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. म्हणून मुलाने ‘वेक ऑन लॅन’ची सोय केली. खाली बसून मोबाइलवर बोट ठेवायचे, वर संगणक जागा होतो. अडचण एवढीच की तो कधी उठतो, कधी उठत नाही. आता संगणक रात्रंदिवस चालूच ठेवावा, असा घरात विचार चालला आहे.

तसे करण्याआधी हिशेब पाहा. रिकामा बसलेला संगणक 50 वॅट घेतो असे धरले, तर महिन्याला 36 युनिट नुसते बसून जातात. त्यापेक्षा दोष शोधणे बरे.

ही हाक म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. मोबाइलवरचे अ‍ॅप घरच्या नेटवर्कवर 102 बाइटचा एक छोटा संदेश सोडते. त्याला मॅजिक पॅकेट म्हणतात. सुरुवातीला ठरावीक सहा बाइट आणि पुढे त्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता सोळा वेळा. संगणक झोपलेला असतो, पण त्याचे कार्ड थोड्या विजेवर जागे राहून हे ऐकत असते. आपला पत्ता ऐकू आला की ते संगणकाला उठवते. मात्र ‘पोचले’ असा निरोप उलट येत नाही. अ‍ॅपवर ‘सेंट’ दिसले म्हणजे फक्त हाक मारली गेली, एवढाच त्याचा अर्थ.

कार्ड ऐकते ते विजेवर. रात्री निजताना सगळे बोर्ड बंद करणे ही आपल्या वडीलधाऱ्यांची चांगली सवय आहे, पण भिंतीवरचे बटण बंद झाले की कार्डही बहिरे होते. म्हणून पहिली तपासणी अगदी साधी. संगणक बंद करा आणि मागे लॅनची वायर जिथे जोडली आहे तिथला बारीक दिवा पाहा. तो जळत असेल तर कार्ड बहुधा जागे आहे. विझला असेल तर भिंतीचे बटण, यूपीएस आणि वायर पाहा. तिन्ही ठीक असूनही दिवा विझत असेल तर बायोसमध्ये ‘ईआरपी’ नावाची वीज वाचवणारी सोय असते, ती बंद करा आणि तिथेच ‘वेक ऑन लॅन’ चालू आहे ना ते बघा.

वीज गेली तर आणखी एक घोटाळा होतो. राउटर इन्व्हर्टरवर असतो, त्यामुळे मोबाइलवर वायफाय दिसत राहते आणि वर संगणकाला मात्र वीज नसते. वीज परत आल्यावरही अनेक संगणक एकदा हाताने सुरू केल्याशिवाय हाक ऐकत नाहीत. वीज येताच आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये बहुधा असते. भारनियमनाच्या गावात ती चालू ठेवावी.

‘कधी उठतो, कधी नाही’ याचे दुसरे मोठे कारण विंडोजमध्ये आहे. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आले. त्यात शटडाउन केलेला संगणक पुरता बंद झालेला नसतो आणि त्या अवस्थेत कार्डाला ऐकायला ठेवलेलेही नसते. मग स्लीपमधून संगणक उठतो, शटडाउनमधून नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय करावे हे ठरवायचे पान आहे. तिथे फास्ट स्टार्टअपची खूण काढा. त्याच पानावर ‘हायबरनेट’ असते, ते चालू करा. आमच्या मते घरासाठी हायबरनेटच बरे, कारण उघडलेले काम डिस्कवर लिहिले जाते आणि मध्ये वीज गेली तरी बिघडत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये उठवण्याची परवानगी द्या. तिथेच ‘फक्त मॅजिक पॅकेट’ हेही निवडा, नाहीतर संगणक भलत्याच कारणाने मध्यरात्री जागा होईल.

सगळे झाल्यावर आधी स्लीपमधून, मग हायबरनेटमधून, मग शटडाउनमधून उठवून पाहा. जिथे अडेल तिथेच दोष शोधा. स्लीपमधूनही उठत नसेल तर अ‍ॅपमध्ये भरलेला मॅक पत्ता तपासा. संगणकाला वायफायचा एक आणि लॅनचा एक असे दोन पत्ते असू शकतात. आपल्याला लॅनचा हवा. मोबाइल ‘गेस्ट’ वायफायवर असेल किंवा वरच्या मजल्यासाठी दुसरा राउटर लावून वेगळे नेटवर्क झाले असेल, तर हाक तिथवर जातच नाही.

मुलगा दुकानातून थेट उठवू शकणार नाही का, असेही विचारले आहे. त्यासाठी काहीजण राउटरचे दार बाहेरच्या जगासाठी उघडतात. आम्ही तसे सुचवणार नाही. त्याने फोन करावा, अब्बांनी खुर्चीतूनच मोबाइलवर बोट ठेवावे.

संगणक जुना, वापरलेला घेतला असेल तर अजून एक गोष्ट पाहावी. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, बहुधा सीआर 2032. तो संपला की वीज गेल्यावर बायोसमधले सगळे बदल पुसले जातात. संगणक सुरू होताना तारीख-वेळ चुकीची दाखवत असेल तर तो सेल आधी बदलून घ्या, मगच बाकीच्या सेटिंगला हात लावा.