चौथ्या क्रमांकानंतर

नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या ब्राँझपदकाचा विषय रेंजवर अजूनही निघतो. बहुतेक वेळा बोलणे 1 ऑगस्ट 2024 च्या अंतिम फेरीभोवतीच फिरते. आपण शिकवणाऱ्यांनी मात्र त्याआधीची दोन वर्षे नीट पाहायला हवीत.

2022 च्या कैरोतल्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. देशाला ऑलिंपिकचा कोटा मिळाला, त्याचे पदक हुकले. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळाले. पण वैयक्तिक अंतिम फेरीत आघाडीवर असताना स्टँडिंगमधला एक शॉट 7.6 वर गेला आणि पुन्हा चौथा क्रमांक. त्यात कोटा देशाचा असतो, नेमबाजाचा नव्हे. त्यामुळे पॅरिसची जागा निवड चाचण्यांत त्याला नव्याने कमवावी लागली. पॅरिसच्या पात्रता फेरीत तो 590 गुणांसह सातवा होता आणि अंतिम फेरीत प्रोन संपले तेव्हा पाचवा. तिसरे स्थान त्याने मिळवले ते स्टँडिंगमध्ये. ज्या पोझिशनने हांगझोऊत दगा दिला, तिनेच पदक दिले.

चिकाटी म्हणजे किती तास आणि किती राउंड, असा हिशेब आपण लावतो. तो अपुरा आहे. प्रोनमध्ये आकडे छान पडतात, मुलगा खूश, पालक खूश. मग सरावाचा बराच वेळ तिकडेच जातो. स्टँडिंगमध्ये स्लिंगचा आधार नाही, सगळा तोल पाय आणि कंबरेवर, आणि 50 मीटरवरचे दहाचे वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचे. तिथे महिनोन् महिने स्कोअर हलत नाही. त्या काळात मुलाला त्याच पोझिशनमध्ये उभे ठेवणे हे प्रशिक्षकाचे खरे काम. परदेशी काडतुसे महाग आहेत हे मान्य, पण ड्राय फायरिंगला पैसे पडत नाहीत. ते कंटाळवाणे आहे म्हणून टाळले जाते, एवढेच.

कुसाळेने राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत 2009 मध्ये प्रवेश घेतला. तिथून पॅरिसपर्यंत 15 वर्षे. आपल्याकडे दुसऱ्याच वर्षी पदकाची विचारणा सुरू होते. पदक नाही आले की आधी रायफल बदलते, मग प्रशिक्षक, शेवटी खेळच. याला पालक जितके जबाबदार, तितकेच आपणही. किती वर्षे लागतील हे प्रवेशाच्या दिवशी स्पष्ट सांगण्याची हिंमत आपण दाखवत नाही.

म्हणून प्रशिक्षकांना आग्रहाची विनंती. या महिन्यात प्रत्येक मुलाच्या सरावाच्या वहीतला स्टँडिंगचा सर्वांत वाईट शॉट काढा. तो तसा का गेला, हे त्याच्याच तोंडून ऐका. ट्रिगर घाईत दाबला, श्वास चुकला की पाय हलला, हे कळल्यावर पुढचा सराव तिथूनच सुरू करा. आणि जिल्ह्यात, राज्यात चौथा आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी रेंजवर आला नाही, तर त्याच्या घरी फोन करा.