मोटर जळाली की जाळली?



ऐन हरभऱ्याच्या ओलिताला बटण दाबावे, तर सिंगल फेजची मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. ‘मोटर गेली’ म्हणत आपण ती उचलतो आणि राजापेठेत वाइंडिंगला आणून टाकतो. त्याआधी थोडे तपासा.

आवाजच नसेल तर आधी फ्यूज, स्टार्टर, वायर पाहा. गुणगुणत असेल तर तात्काळ बंद करा. अडकलेली मोटर कितीतरी पट करंट ओढते आणि वाइंडिंग जाळून घेते.

सप्लाय तोडा, शाफ्ट हाताने फिरवा. अडला तर बेअरिंग किंवा पंखा जाम. मोकळा फिरला तर संशय कंडेन्सरवर. सिंगल फेजवर मोटर आपण होऊन फिरायला लागत नाही; पहिला रेटा कंडेन्सरमुळे मिळतो. तो फुगला, गळला असेल तर बदला. मायक्रोफॅरड जुन्याइतकेच घ्या, व्होल्ट कमी घेऊ नका. सप्लाय तोडल्यावरही कंडेन्सर झटका देतो. हात लावण्याआधी होल्डरमधल्या साध्या बल्बच्या वायरी त्याच्या टोकांना लावून तो रिकामा करा. सबमर्सिबलचा कंडेन्सर बहुधा वर पेटीतच असतो. तो न पाहता बोअरमधून पंप ओढण्याचा खर्च करू नका.

हे सारे ठीक असूनही मोटर उठत नसेल, तर मोटर सुरू करतानाचे व्होल्टेज मोजा. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० च्या जागी १७० व्होल्ट आले, म्हणजे व्होल्टेज पाव हिश्शाने घटले, तर जोर जवळपास निम्म्यावर येतो. अशी मोटर जळाली तर दोष मोटरीचा नाही, शेतकऱ्याचाही नाही. १९५६ च्या वीज नियमांनी कमी दाबाच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांपेक्षा जास्त फरकाला मुभा दिली नव्हती. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ५७ सेवेत कसूर झाल्यास भरपाईची तरतूद करते. कलम ४२ गाऱ्हाण्यांसाठी मंच देते.

पण मंचापुढे रडगाणे चालत नाही, आकडे चालतात. मोटरीच्या पेटीजवळ एक वही टांगा. तारीख, वेळ, व्होल्टेज लिहा. एका डीपीवरच्या सगळ्यांनी लिहा, एकत्र सह्या करा, अर्जाची पोच घ्या. वाइंडिंगच्या पावत्याही जपून ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना तक्रार तोंडी आणू नका. वही आणा.