करंगळीला जागा द्या

अमेरिकेत कपड्यांआड पिस्तूल बाळगणाऱ्या नव्या माणसाला एक सल्ला सर्रास दिला जातो. पिस्तुलात सपाट तळाचं आखूड मॅगझिन लाव, म्हणजे बाहेरून काही दिसणार नाही. लांब तळाचं मॅगझिन जादाचं म्हणून खिशात ठेव. ऐकायला सोयीचा सल्ला आहे, पण मला तो उलटा वाटतो.

हा विषय आपल्याला दूरचा वाटेल. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळवणंच अवघड, आणि ९ मिमीचं पिस्तूल तर सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही. पण आपल्या गावांतली मुलं तिकडे पेट्रोल पंप, मोटेल, किराणा दुकानं चालवतात. रात्री अकरा वाजता गल्ल्यावर एकटी बसतात. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं. २०२२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कची ‘खास कारण दाखवा’ ही अटही रद्द केली. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे दुकान चालवतो. त्याने फोनवर मला हाच प्रश्न विचारला, कारण शाळेत एन.सी.सी.ची रायफल धरताना पकडीवरून मी त्याला सारखा टोकत असे. (एक गोष्ट आधीच सांगतो: विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-१बीवर असलेल्यांना संघीय कायद्याने, काही अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही. त्यांनी या वाटेला जाऊच नये.)

पिस्तूल घ्यावं की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. मला बोलायचं आहे ते घेतल्यानंतरच्या जबाबदारीबद्दल.

लहान पिस्तुलाची मूठ आखूड असते. ग्लॉक ४३ (२०१५) किंवा सिग पी३६५ (२०१८) हातात धरलं, की मधलं बोट आणि अनामिका मुठीवर बसतात. मध्यम हाताच्या माणसाचीही करंगळी खाली लोंबकळते. मॅगझिनच्या तळाशी जी पट्टी असते, ती बेसप्लेट. ती पुढच्या बाजूला थोडी वाढवलेली असली, की करंगळीला टेकायला जागा मिळते. या दोन्ही पिस्तुलांबरोबर कंपनी सहसा दोन मॅगझिनं देते, एक सपाट तळाचं आणि एक वाढीव तळाचं. म्हणजे निवड पहिल्या दिवसापासून आपल्याच हातात असते.

करंगळीने काय होतं? मुठीच्या ताकदीत अनामिका आणि करंगळीचा वाटा मोठा असतो. बादली उचलताना करंगळी सोडून बघा, लगेच कळेल. शिवाय गोळी सुटते ती हाताच्या वरून, म्हणून झटक्याने नळी वर उसळते. ते उसळणं दाबायला सगळ्यात खालचं बोटच जास्त उपयोगी, कारण ते नळीपासून सर्वांत लांब असतं. पिस्तूल जितकं हलकं, तितका झटका मोठा. पकड सैल राहिली, तर दुसरी गोळी भलतीकडे जाते. कधी कधी तर पिस्तूल पुढची गोळी नीट भरूच शकत नाही आणि अडकतं.

म्हणूनच तो सल्ला मला उलटा वाटतो. संकट आलंच, तर ते पहिल्या दोन-चार गोळ्यांतच निभावायचं असतं. मॅगझिन बदलण्याची वेळ बहुतेकांवर कधी येतच नाही. मग चांगली पकड खिशात ठेवून वाईट पकड हातात का घ्यायची? चुकलेली गोळी हवेत विरत नाही. ती दुकानाच्या काचेतून रस्त्यावर जाते, शेजारच्या घराच्या भिंतीतून आत जाते. तिचा हिशेब झाडणाऱ्यालाच द्यावा लागतो, कायद्यापुढेही आणि स्वतःपुढेही.

समोरच्या बाजूचा मुद्दा खरा आहे. कमरेला लावलेल्या पिस्तुलाची नळी पँटच्या आत जाते; बाहेर राहते आणि शर्टातून उठून दिसते ती मूठच. तिथे सेंटीमीटरभर वाढही डोळ्यांत भरते. ज्याला पँटच्या खिशातच, खिशाच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल ठेवायचं आहे, त्याला सपाट तळाशिवाय इलाज नाही. पण कमरेला बाळगणाऱ्याने आधी शर्ट एक माप मोठा घालावा, मूठ अंगाकडे दाबून धरणारं होल्स्टर घ्यावं, आणि एवढं करूनही जमलं नाही तरच पकड कमी करावी.

बाजारात बेसप्लेट अनेक मिळतात. त्यात दोन जाती ओळखा. एक फक्त बोटाला आधार देते, गोळ्या तेवढ्याच राहतात. दुसरी आतून पोकळ असते आणि एक-दोन गोळ्या वाढवते. तिच्यासोबत बऱ्याचदा वेगळी स्प्रिंग लागते. दहा गोळ्यांच्या मॅगझिनला दोनची वाढ दिली, की कॅलिफोर्निया किंवा न्यूयॉर्कसारख्या राज्यांच्या दहा गोळ्यांच्या मर्यादेबाहेर तुम्ही गेलात. पकडीसाठी घेत असाल, तर पहिली जात पुरते.

घेताना टोकदार आकड्यासारखी बेसप्लेट टाळा, ती कपड्यात अडकते. रिकाम्या पिस्तुलात मॅगझिन जोरात बसवून पाहा. तळवा पट्टी आणि मुठीच्या मध्ये चिमटत असेल, तर ती तुमच्या हाताची नाही. स्वस्त प्लास्टिक जमिनीवर पडल्यावर तडकतं आणि गोळ्या-स्प्रिंग सगळं बाहेर येतं. पट्टी बदलताना मॅगझिन आधी रिकामं करा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा, आतली स्प्रिंग दाबलेली असते. बदललेल्या मॅगझिनमधून रेंजवर निदान पन्नास-शंभर गोळ्या बिनअडकता सुटेपर्यंत त्यावर विसंबू नका. आणि घरी लहान मुलं असतील, तर अंगावर नसलेलं पिस्तूल कुलपातच हवं. त्याला दुसरा पर्याय नाही.

त्या विद्यार्थ्याला मी कोणत्याही कंपनीचं नाव सांगितलं नाही. एवढंच म्हटलं: बाबा, दोन्ही मॅगझिनं घेऊन रेंजवर जा. सात यार्डांवर कागद लाव. सपाट तळाने पाच गोळ्या भराभर झाड, मग दुसऱ्या कागदावर वाढीव तळाने पाच. दोन्ही कागद शेजारी ठेव. कोणतं मॅगझिन पिस्तुलात राहील, ते त्या कागदांवरून ठरव, आरशात पाहून नको.