हार्ड डिस्क उडालेली नाही

‘हार्ड डिस्क उडाली’ हे ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कॉम्प्युटर दुरुस्तीतलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. ते बोलायला दोन सेकंद लागतात. त्यानंतर गिऱ्हाईक नवीन मशीन घेतं, जुनं भंगारात जातं आणि आतलं सगळं त्याच्याबरोबर जातं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे डोंबिवलीतले नातेवाईक आणि सोसायटीतले काका असा निकाल लागलेली मशीन्स माझ्याकडे आणून ठेवतात. त्यातल्या बऱ्याच मशीन्समध्ये डिस्क ठणठणीत असते, फक्त ड्रायव्हर हरवलेला असतो. अशा मशीनला ‘जुनं झालं’ म्हणणं ही फसवणूक आहे, आणि तिची सुरुवात कोपऱ्यावरच्या दुकानाच्या बरीच आधी, मशीन बनवणाऱ्या कंपनीकडे होते.

फोनवर वाढलेल्या आपल्या पिढीचा ड्रायव्हरशी संबंध रिक्षापुरताच येतो, म्हणून थोडक्यात सांगतो. विंडोज डिस्कशी थेट बोलत नाही. मधे मदरबोर्डवरचा कंट्रोलर असतो आणि त्याची भाषा जाणणारा छोटासा प्रोग्रॅम म्हणजे स्टोरेज ड्रायव्हर. प्रिंटरचा ड्रायव्हर नसला तर प्रिंटर चालत नाही, एवढंच. स्टोरेजचा नसला तर मशीन सुरूच होत नाही, कारण बाकी सगळं त्या डिस्कवरच आहे. कपाटाची किल्ली कपाटात राहिली, असा हा प्रकार.

विंडोज एक्सपी २००१ चं. साटा डिस्कसाठीची एएचसीआय पद्धत २००४ ची. त्यामुळे एक्सपीच्या सीडीत तिचा ड्रायव्हर नव्हता. इन्स्टॉल करताना निळ्या पडद्यावर खाली एक ओळ काही सेकंद यायची: दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ६ दाबा. दाबलं की ड्रायव्हर मागितला जायचा, तोही फ्लॉपीवर. तोपर्यंत नव्या लॅपटॉपमधून फ्लॉपी ड्राइव्ह गायब झाला होता. मग सेटअप सांगायचा, डिस्कच सापडली नाही. डिस्क जागेवर फिरत असायची.

यावर उपाय होते आणि आहेत. बायॉसमध्ये जाऊन साटा मोड ‘एएचसीआय’वरून ‘आयडीई’वर आणायचा, किंवा एनलाइटसारख्या प्रोग्रॅमने ड्रायव्हर मिसळून नवी सीडी बनवायची. उलटा प्रकारही घडतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपतो, बायॉस मूळ सेटिंगवर जातो, साटा मोड बदलतो आणि काल चालणारं विंडोज आज ०x७बी असा आकडा दाखवत निळ्या पडद्यावर थांबतं. उपाय काय? नवा सेल आणि एक सेटिंग पूर्ववत. दोन वडापावांच्या पैशांत भागणाऱ्या या कामाला ‘डिस्क उडाली’ म्हणून फॉरमॅट मारलेला मी पाहिला आहे.

हे फक्त एक्सपीचं पुराण नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकायला घ्या, डिस्कची यादी रिकामी येते. व्हीएमडी नावाच्या सोयीचा ड्रायव्हर सेटअपमध्ये नसतो. तो पेनड्राइव्हवरून ‘लोड ड्रायव्हर’ करून दिला की डिस्क हजर. वीस वर्षांत फ्लॉपीचा पेनड्राइव्ह झाला, बाकी गोष्ट तीच.

तरुण वाचक म्हणेल, जुनी मशीन्स हवीत कोणाला, सगळं क्लाउडवर आहे. तुमचं असेल, मराठीचं नाही. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, दिवाळी अंक हे सगळं वर्षानुवर्षं डीटीपीवाल्यांच्या मशीनवर, पेजमेकरमध्ये आणि श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झालं. तो मजकूर युनिकोड नाही. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. अशा सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक असायचं, ते जुन्या पोर्टला लागायचं आणि त्यालाही ड्रायव्हर लागायचा. म्हणजे मशीन बदलून प्रश्न सुटत नाही. ते एक विशिष्ट मशीनच चालू राहावं लागतं, निदान मजकूर बाहेर काढेपर्यंत तरी. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे. त्या काळात छापलेलं पुस्तक आजही उघडून वाचता येतं. २००३ साली डोंबिवलीत जुळवलेल्या पुस्तकाची फाइल मात्र एका ड्रायव्हरसाठी अडते.

आणि तो ड्रायव्हर शोधायला जा. इंटेलने २०१९ च्या अखेरीस आपल्या जुन्या हार्डवेअरचे ड्रायव्हर आणि बायॉस साइटवरून काढायला सुरुवात केली. मग माणूस सर्च करतो आणि ‘फ्री ड्रायव्हर’च्या साइटवर पोचतो, जिथे ड्रायव्हरबरोबर काय काय येईल याचा नेम नाही. हौशी लोकांनी जपलेले संग्रह आहेत, पण फाइल कंपनीच्या मालकीची, त्यामुळे ती पुन्हा वाटण्याचा त्यांचा हक्क धूसर राहतो. कंपनी स्वतः ठेवत नाही आणि इतरांना निर्धास्तपणे ठेवू देत नाही.

किती वर्षं ठेवणार, असा प्रतिवाद होतो. एफ६चा ड्रायव्हर फ्लॉपीत मावावा लागायचा, म्हणजे १.४४ एमबीत. सकाळच्या गुड मॉर्निंगच्या व्हिडिओलाही याहून जास्त जागा लागते. जुनी सिस्टिम असुरक्षित असते, हा दुसरा मुद्दा. तो खरा आहे. अशा मशीनला इंटरनेट जोडू नका. पण आतला मजकूर काढण्यासाठी ती एकदा सुरू तर व्हायला हवी. ड्रायव्हर जपणं अशक्य नाही, हे लिनक्सने दाखवलं आहे: तिथे एएचसीआय, एनव्हीएमईचे ड्रायव्हर कर्नलच्या सोर्समध्येच असतात, कोणालाही उघडून पाहता येतात. म्हणून एक्सपीला न दिसणारी डिस्क लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बहुतेक वेळा दिसते आणि फाइली उतरवून घेता येतात.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. या विषयावर बोलताना आपल्या डोळ्यांसमोर बॅटरी आणि स्क्रीन येतात. माझी मागणी आहे की ड्रायव्हरही सुटा भाग मानावा. विक्री थांबली तरी तो साइटवर राहावा, आणि कंपनीला ठेवायचा नसेल तर इतरांना वाटायची लेखी मुभा द्यावी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० च्या अटीमुळे विंडोज ११ न चालणारी चांगली मशीन्स घरोघरी आहेत. पुढची सफाई त्यांच्या ड्रायव्हरची होईल, अशी माझी धास्ती आहे.

दुकानदाराकडूनही एक गोष्ट मागा: निदान बिलावर लिहून द्या. बायॉसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का, हे आधी स्वतः पाहा. दिसत असेल तर ‘उडाली’ म्हणणाऱ्याला पुरावा विचारा आणि तोपर्यंत फॉरमॅटला हात लावू देऊ नका. दिसत नसेल आणि आतून टकटक येत असेल, तर ती खरंच गेली असण्याची शक्यता मोठी. मशीन बंद करा आणि डेटा काढणाऱ्याकडे न्या. आणि आज चालू असलेल्या विंडोज १० च्या मशीनमधले ड्रायव्हर पीएनपीयूटिलने पेनड्राइव्हवर काढून ठेवा. ते विंडोजमध्येच आहे, फुकट आहे. कंपनी ते पान कधी काढेल, हे ती तुम्हाला विचारून ठरवणार नाही.